दिव्याचे डोहाळे

डोहाळे फक्त बाईलाच लागतात, हा समज ज्याने पसरवला त्याच्या घरात ड्रिल मशीन नसावं. बाईचे डोहाळे सोपे असतात. चिंच, कैरी, भेळ, फार तर रात्री दहाला बर्फाचा गोळा. आणून दिलं की विषय संपला. शिवाय त्यांचं कौतुक होतं. सातव्या महिन्यात हिरवी साडी नेसवतात, फुलांचे दागिने घालतात, झोपाळ्यावर बसवून गाणी म्हणतात. पुरुषांचे डोहाळे बिचारे मुकाट्याने येतात. होणारा बाप किंवा होणारा आजोबा खोलीच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि छताकडे बघू लागला, की समजावं दिवस भरत आले.

त्यांचाही इलाज नसतो म्हणा. घरात बाळ येणार म्हटलं की बायकांना शंभर कामं. डिंक आणा, खारकेची पूड करा, अळीव निवडा, जुन्या सुती साड्या धुऊन त्यांची दुपटी शिवा, आणि हे करताना इतर बायकांच्या बाळंतपणांच्या कहाण्या ऐका. पुरुषांच्या वाट्याला काय, तर दवाखान्यात ने-आण आणि सोनोग्राफीची फाइल सांभाळणं. तेवढ्यावर नऊ महिने निघत नाहीत. मग कुणी गाडी बदलतो, कुणी घराला रंग काढतो. आमच्याकडे लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि आमच्या यांना अन् जावईबापूंना एकाच वेळी दिव्याचे डोहाळे लागले.

यात एक शास्त्रीय अडचण होती. बाळ जन्मायच्या आधी बाळाचं काही आणायचं नाही. पाळणा आणायचा नाही, झबली-टोपडी आणायची नाहीत, रिकामा पाळणा तर चुकूनही हलवायचा नाही. हा नियम माझ्या सासूबाईंचा, त्यांच्या सासूबाईंचा आणि आता, विश्वास नसूनही, माझा. मी तो दोघांना बजावून सांगितला. दोघांनी तो नीट ऐकून घेतला आणि संध्याकाळी निर्णय दिला, की शास्त्रात दिव्याबद्दल काहीही म्हटलेलं नाही. दिवा हा बाळाचा नसतो, घराचा असतो. उद्या भाडेकरू ठेवला तरी त्याला दिवा लागणारच. हा युक्तिवाद इतका बिनतोड होता की पंचवीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला तो नोकरीत असताना का सुचत नव्हता, याचं मला नवल वाटलं.

दिवा मॉलमधून आला. पांढऱ्या कापडाचं एक गोल नळकांडं, आत होल्डर, वर दोन हात वायर. खोक्यावर परदेशातल्या कुठल्याशा बाळाच्या खोलीचा फोटो होता. मोठी खिडकी, पांढरा पाळणा, एक आरामखुर्ची, एक कापडी ससा आणि छताच्या बरोबर मध्यावर हा दिवा. मला त्या फोटोत सगळ्यात आधी काय दिसलं असेल, तर त्या खोलीत दुसरं काहीच नव्हतं. कपाटावर बॅगा नव्हत्या. बॅगांवर गणपतीच्या मखराचं खोकं नव्हतं. दाराआड इस्त्रीचं टेबल नव्हतं आणि व्यायामाच्या सायकलवर वाळत घातलेला पंचा नव्हता. आमच्या घरातल्या ज्या खोलीला त्या महिन्यात ‘बाळाची खोली’ ही पदवी मिळाली, तिच्यात हे सगळं होतं. शिवाय माझं शिलाई मशीन होतं, आणि बाळंतीण होणार होती. खरं तर आपल्याकडे बाळाला खोली नसते, बाळाला आई असते. ती जिथे झोपेल ती बाळाची खोली. पण दिव्याला खोली लागते, म्हणून खोली ठरली.

आणि त्या खोलीच्या छताच्या मध्यावर, पुण्यातल्या कुठल्याही खोलीत असतो तसा, पंखा होता.

पाश्चात्त्य दिव्याची खरी गाठ इथे पडते. तिकडे छताचा मध्य दिव्यासाठी मोकळा ठेवतात. आपल्याकडे तिथला हुक स्लॅब ओततानाच पंख्याच्या नावाने लिहिला जातो आणि दिव्याने भिंतीवर, दाराच्या वर, ट्यूबच्या रूपाने राहायचं असतं. दोघांनी आधी दिवा पंख्याच्या शेजारी टांगून पाहिला. पंखा पाचवर केला तेव्हा दिवा झोके घेऊ लागला. तीनवर केला तेव्हा स्वतःभोवती फिरू लागला. मग त्यांनी वायर आखूड करून दिवा पात्यांच्या वर चढवला. तेव्हा दिवा स्थिर झाला आणि खोली फिरू लागली, कारण पाती उजेड कापत होती आणि चारी भिंतींवर सावल्या गरगरत होत्या. लेकीला चौथ्या महिन्यात थांबलेली मळमळ परत सुरू झाली. “बाबा, पंखा बंद करा नाहीतर दिवा,” असं ती म्हणाली, तेव्हा हे म्हणाले, “एप्रिलमध्ये पंखा कसा बंद करणार?” आणि दिव्याचा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नाही.

शेवटी दिव्याला खिडकीजवळचा कोपरा मिळाला, आणि वाऱ्याने हलू नये म्हणून खालच्या काठाला वजन हवं, या कारणासाठी माझी भरतकामाची मोठी लाकडी रिंग गेली. ती पुन्हा दिसली नाही.

यानंतर बल्बचा प्रश्न निघाला. आपल्या घरातले होल्डर पिनचे, हा दिवा आट्यांचा. घरात साठवलेल्या बल्बांपैकी एकही त्यात बसेना. यांनी बल्ब साठवलेले आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. मग दोघं तपकीर गल्लीत गेले. पुण्यात तपकीर गल्लीत पुरुषांना एकटं सोडू नये. बुधवार पेठेतल्या त्या अरुंद बोळात विजेचं जे मागाल ते मिळतं, आणि जे मागायचं नव्हतं तेही दिसतं. आट्यांचा बल्ब आणायला गेलेली ही जोडी येताना पिनचं आट्यांत रूपांतर करणारा एक जोड, एक टेस्टर, इन्सुलेशन टेपच्या चार रंगांच्या गुंडाळ्या आणि एक काचेचा डोळा घेऊन आली. तो काचेचा डोळा माणूस आला की दिवा आपोआप लावतो म्हणे. बाळंतिणीच्या खोलीत रात्रभर माणसंच माणसं असतात, हे त्यांच्या लक्षात आणून दिल्यावर तो जिन्यात लागला. तिथे मात्र उत्तम चालतो.

बल्ब दोन आणले होते, कारण कोणता लावायचा यावर एकमत नव्हतं.

“हा सत्तावीसशेचा. उबदार,” जावई म्हणाले. “आणि हा पासष्टशेचा. थंड.”

“म्हणजे आकडा वाढला की थंडी वाढते?”

“हो बाबा.”

“मग उद्या बाळाला एकशेदोन ताप आला तर गोधडी घालायची की काढायची?”

जावई संगणकवाले. त्यांनी शांतपणे समजावलं, की हे केल्व्हिन आहेत. लोखंड तापवलं की आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं; जितकं जास्त तापेल तितका त्याचा उजेड निळ्याकडे झुकतो. म्हणून निळसर उजेडाचा आकडा मोठा. पिवळ्याला उबदार म्हणतो ते आपण, त्यात तापमानाचा संबंध नाही. यांना ते पटलं, पण आवडलं नाही. ज्यांचं आयुष्य चाळीस, साठ आणि शंभर या तीन आकड्यांत उजळलं, त्यांना आता नऊ वॅटचा बल्ब साठाचा उजेड देतो हेच मुळात फसवणुकीचं वाटतं. दिव्याच्या आत ‘कमाल ४० वॅट’ असं चिकटवलेलं होतं. ती सूचना तापणाऱ्या जुन्या बल्बांसाठी असते, कापड जळू नये म्हणून. यांनी तिचा अर्थ असा काढला, की नऊ-नऊ वॅटचे चार बल्ब नियमात बसतात.

मी तोवर गप्प होते. पण बाळंतिणीच्या खोलीत किती उजेड हवा यावर दोन पुरुष तासभर बोलतात, तेव्हा एखाद्या बाईने बोलायला हवं. मी म्हटलं, सटवाईचं काय? पाचवीच्या रात्री, काहींकडे सहावीच्या, सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, आणि रात्रभर दिवा विझू देत नाहीत. जावयांनी लगेच मोबाइलमध्ये बघून सांगितलं, की ज्योतीचा उजेड साधारण एकोणीसशे केल्व्हिनचा असतो. म्हणजे महाराष्ट्रातल्या तमाम जनतेचं नशीब आजवर एकोणीसशेत लिहिलं गेलंय. पुढे ते वाचताना जी तारांबळ उडते, तिचं कारण मला त्या दिवशी कळलं. सटवाईला अक्षर नीट दिसत नसणार.

सत्तावीसशेचा ठरला. जावयांनी तो मंद करायचं बटण लावावं, असंही ठरलं. पण साधा एलईडी बल्ब मंद होत नाही, तो फडफडतो. मंद होणारा बल्ब वेगळा असतो आणि खोक्यावर तसं छापलेलं असतं. हे त्यांना बटण लावून झाल्यावर खोक्यानेच सांगितलं.

माझा स्वतःचा प्रस्ताव झिरोच्या बल्बचा होता. रात्री बाळंतिणीला लंगोट बदलायला, दूध पाजायला एवढा उजेड पुरतो. लाल नाहीतर हिरवा, नाहीतर निळा. नाव झिरो, पण तो बारा-पंधरा वॅट खायचा. जुन्या मीटरला एवढीशी वीज कळतच नसे म्हणून झिरो, असं आमच्याकडे सांगत. आमची सगळी पिढी त्या बल्बाखाली वाढली. कशी वाढली हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो विचारताना मी यांच्याकडे मुद्दाम पाहिलं नाही. प्रस्ताव फेटाळला गेला. झिरोच्या बल्बात करण्यासारखं काही नसतं, हीच त्यातली मुख्य खोट. तो आणतात, लावतात, संपलं. डोहाळे पुरे होत नाहीत.

आता रंग. पांढरं कापड पांढरंच ठेवायचं, असं कुणाच्याही मनात नव्हतं. इतर कित्येक देशांत हा प्रश्न सोपा असतो. बाळ मुलगा की मुलगी ते आधी कळतं, त्यानुसार दिवा निळा किंवा गुलाबी होतो. इथे ते विचारणं हाच गुन्हा. महाराष्ट्राने देशात सगळ्यात आधी, १९८८ साली, यावर कायदा केला आणि १९९४ साली साऱ्या देशासाठी तसा कायदा झाला. तो का करावा लागला हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. पण त्या कायद्याचे एक अनपेक्षित उपकार आमच्या घरावर झाले. गुलाबी की निळा, हा वाद होऊच शकला नाही. सर्वानुमते पिवळा ठरला. मग कोणता पिवळा, यावर आठवडाभर जेवणं थंड झाली. लिंबाचा, हळदीचा, आंब्याचा. आणि आंब्याचा म्हटल्यावर हापूसचा की पायरीचा.

रंगाच्या डब्यावरचा बारीक मजकूर जावई भिंगाने वाचत होते. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत नव्वद भागांपेक्षा जास्त नको, असा नियम आपल्याकडे २०१७ पासून आहे. नियम चांगला आहे, शिसं लहान मुलांच्या मेंदूला खरोखरच घातक असतं. पण यांचा प्रश्नही रास्त होता.

“बाळ दिवा चाटणार आहे का?”

“खपली पडली तर, बाबा?”

“सहा फुटांवरून खपली पडणार, बाळ ती झेलणार आणि खाणार. पहिल्या महिन्यात. जावईबापू, आमच्याकडे कुणी एवढं हुशार निपजलेलं नाही.”

शिसं नसलेला रंग आला. कापडाने तो असा प्यायला, की एक थर दिसेचना. दुसरा दिला, मग तिसरा. तिसऱ्यानंतर दिवा सुरेख पिवळा झाला आणि उजेड बाहेर यायचा बंद झाला. बटण दाबलं की छतावर एक गोल आणि जमिनीवर एक गोल, बाकी खोलीत काळोख. त्या काळोखात दोघं बराच वेळ शेजारी शेजारी उभे होते. मला वाटलं, संपलं. पण मराठी माणसाच्या आत एक आकाशकंदील असतो, हे मी विसरले होते.

यांच्या लहानपणी वाड्यात कंदील विकत आणणं ही नामुष्की मानत. कामट्या तासायच्या, दोऱ्याने बांधायच्या, पतंगाचा कागद लावायचा, कोपऱ्यांना करंज्या आणि खाली झिरमिळ्या. चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ. दिवाळीच्या आदल्या रात्रीपर्यंत कुणाचाही कंदील पुरा होत नसे आणि पुरा झालेला कधी सरळ लटकत नसे. ती विद्या यांच्या हातात चाळीस वर्षं पडून होती. यांनी पिवळं नळकांडं खाली उतरवलं, माझी कात्री मागितली (दिली नाही, घेतली) आणि त्यात चांदण्या कापायला सुरुवात केली. जावयांनी संगणकावर चांदण्यांचा आराखडा केला होता, सगळ्या एका मापाच्या, एका अंतरावर. यांनी तो बाजूला ठेवला आणि हाताने कापल्या. कापलेल्या जागी आतून पतंगाचा रंगीत कागद लावला. खळीला झुरळं येतात म्हणून फेव्हिकॉल वापरायचं, ही एवढी एकच सूचना माझी मान्य झाली.

खरं सांगते, तो दिवा लागला तेव्हा चांगला दिसला. चांदण्या वाकड्या होत्या, एकीला सात टोकं होती, आणि भिंतीवर लाल-हिरवे ठिपके पडले होते. मी तसं बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर त्यांनी दुसरा करायला घेतला असता.

तरी काम वाढलंच. माळ्यावरून चिमणाळं निघालं. सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेलं, लाकडी पोपटांचं आणि चिमण्यांचं, एका चिमणीची चोच गेलेलं. ते दिव्याखाली टांगायचं असं यांनी जाहीर केलं आणि घरात प्रथमच सासरे-जावयांत दोन तट पडले. जावयांचं म्हणणं, पाळण्याच्या वर लोंबते दोरे नकोत, सुटणारे बारीक तुकडे नकोत, आणि खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे.

“या पोपटावर आयएसआय आहे का, बाबा?”

“त्या पोपटाखाली तुमची बायको झोपलेली आहे,” हे म्हणाले.

यावर कुणाला काही बोलता आलं नाही. लेक म्हणाली, “म्हणजे ती चोच मीच खाल्ली असणार.” तिच्या या एका वाक्याने चिमणाळ्याचा निकाल लागला. ते दिव्याखालून निघून खिडकीच्या गजाला गेलं, बाळाच्या हातापासून लांब. दोरा आणि बारीक तुकडे याबाबतीत जावयांचंच बरोबर होतं, हे इथे नोंदवून ठेवते. घरात कुणी नोंदवलेलं नाही.

कोपऱ्यात छताला भोक पाडायचं काम मात्र दोघांच्या हातून निभावेना. गिट्टी बसायची आणि दिवा धरला की निघून यायची. शेवटी वायरमनला बोलावलं. तो आला, वर पाहिलं आणि महाराष्ट्रातला कुठलाही कारागीर जो पहिला प्रश्न विचारतो तोच त्याने विचारला: “हे आधी कुणी केलंय?” हे आणि जावई दोघंही खिडकीबाहेर बघू लागले. त्याने दहा मिनिटांत सगळं बसवलं, शिडीवरून उतरला, बटण दाबून भिंतीवरच्या ठिपक्यांकडे बघितलं आणि म्हणाला, “काका, दिवाळीला अजून वेळ आहे.”

हे सगळं चालू असताना लेक पाय वर करून पुस्तकं वाचत होती. तिच्यापाशी जी माहिती होती ती तिने बरेच दिवस दाबून ठेवली, बहुधा दयेपोटी. नवजात बाळाला आठ ते बारा इंचांवरचं त्यातल्या त्यात बरं दिसतं. म्हणजे मांडीवरून आईचा चेहरा जेवढ्या अंतरावर असतो तेवढ्यावरचं. त्यापलीकडे सगळं धूसर. दिवा छताला होता. पहिले दोन-तीन महिने तर बाळाला दिवस-रात्रीचाही पत्ता नसतो. ते चौदा ते सतरा तास झोपतं, पण तुकड्या-तुकड्यांनी आणि स्वतःच्या मर्जीने. रंगांचं म्हणाल तर ते नीट कळायला चार-पाच महिने जावे लागतात.

आणि मग तिने रॉबर्ट फँट्झ नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग वाचून दाखवला. त्याने १९६३ साली काही तासांच्या आणि काही दिवसांच्या बाळांना गोल तबकड्या दाखवल्या आणि बाळ कुठल्या तबकडीकडे किती वेळ टक लावून बघतं ते मोजलं. एकीवर चेहरा होता, एकीवर एकात एक वर्तुळं, एकीवर वर्तमानपत्राचा कागद, आणि उरलेल्या तीन नुसत्या रंगवलेल्या, पांढरी, लाल आणि पिवळी. बाळांनी सगळ्यात जास्त वेळ चेहरा पाहिला. त्याखालोखाल वर्तुळं. मग वर्तमानपत्र. नुसत्या रंगाच्या तबकड्या सगळ्यांच्या मागे पडल्या.

“म्हणजे पिवळ्यापेक्षा पेपर बरा?” यांनी विचारलं.

“हो बाबा.”

यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते त्यांना निवृत्तीच्या समारंभात शाल देताना पसरलं नव्हतं. वर्षानुवर्षं ते घरात सगळ्यांना पेपर वाचा म्हणून सांगत आले होते आणि कुणी ऐकलं नव्हतं. आता विज्ञान त्यांच्या बाजूने उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर वाचायला घेतला तर त्यातून अग्रलेख कापलेला. तो दिव्याच्या तळाशी चिकटवला होता, पाळण्यातून बरोबर वाचता येईल असा.

नात झाली. मुदतीत, सुखरूप, तीन किलोला थोडी कमी. आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिला दाबून पाहिलं आणि म्हणाले, पिवळी आहे. यात घाबरण्यासारखं फारसं नसतं. मुदतीत जन्मलेल्या दहापैकी सुमारे सहा बाळांना पहिल्या आठवड्यात थोडी कावीळ दिसते, बहुतेकांची आपोआप जाते. आकडा वाढला तर दिव्याखाली ठेवतात. आमचीचा आकडा वाढला. तिला दिव्याखाली ठेवलं.

तो दिवा निळा होता. उबदार नाही, मंद नाही, चांदण्या नाहीत, एका पांढऱ्या पत्र्याच्या पेटीत ओळीने बसवलेल्या निळ्या नळ्या. निळ्या उजेडाने बाळाच्या त्वचेतल्या पिवळ्या बिलिरुबिनचं रूप बदलतं आणि मग ते शरीराबाहेर टाकणं सोपं जातं. हे कुणा दिवेवाल्याने शोधलेलं नाही. इंग्लंडात एसेक्समधल्या रॉचफर्डच्या इस्पितळात वॉर्ड नावाची एक सिस्टर अपुऱ्या दिवसांची बाळं उचलून अंगणात उन्हात नेत असे, कारण तिच्या मते कोंदट खोलीपेक्षा ऊन बरं. १९५६ साली तिने डॉक्टरांना एक बाळ दाखवलं. ते अंगभर उजळलं होतं आणि चादरीच्या टोकाखाली राहिलेला एक त्रिकोण तेवढा पिवळा होता. त्यातून पुढे तिथल्याच डॉक्टरांनी दिव्यांची पेटी केली आणि १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यावर लेख लिहिला. सिस्टर वॉर्डचं ऐकून मला माझ्या आजीचं कोवळं ऊन आठवलं. अर्थात आता डॉक्टर काविळीला उन्हावर भागवू देत नाहीत, आणि ते बरोबर आहे. पेटीतला उजेड मोजून देता येतो.

दोघं काचेबाहेर उभे होते. निळ्या उजेडाविरुद्ध ज्यांनी आमच्या घरात मोहीम चालवली, तपकीर गल्लीतून पासष्टशेचा बल्ब आणून तो परत केला, ते दोघं आता सिस्टरला विचारत होते, याहून निळा मिळेल का.

नातीच्या डोळ्यांवर पट्टी बांधली होती, उजेडाचा त्रास होऊ नये म्हणून. म्हणजे तिच्या आयुष्यातला पहिला महत्त्वाचा दिवा तिने पाहिलाच नाही. पाचवीची रात्रही तिथेच गेली, तेव्हा सटवाईला त्या खेपेला निळ्या उजेडात लिहावं लागलं असणार. पट्टी डोळ्यांवर होती, कपाळ मोकळं होतं. अक्षर स्वच्छ आलं असेल, अशी माझी आशा आहे.

आकडा उतरला, नात घरी आली. बारशाला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आधी दिवा दाखवण्यात आला आणि मग बाळ. व्याह्यांनी दिव्याखाली उभं राहून अग्रलेख वाचला आणि त्यातल्या मतांशी असहमती दर्शवली. पाहुण्यांपैकी एक गृहस्थ, ज्यांच्या सुनेला सहावा महिना होता, दिवा कुठून घेतला याची चौकशी करून गेले. त्यांची नजर छताकडे होती. मी त्यांच्या पत्नीला बाजूला घेऊन कात्री कुलपात ठेवायला सांगितलं.

आता नातीने मान धरली आहे आणि ती दिव्याकडे बघते. अग्रलेखाकडे जरा जास्तच बघते, असं यांचं म्हणणं. उजेडाने ती कधी उठत नाही; सत्तावीसशे असो की ट्यूब, तिला फरक पडत नाही. ती उठते बटणाच्या आवाजाने. मध्यरात्री तासभर थोपटून झोपवावी, हलक्या पावलाने भिंतीपाशी जावं आणि दिवा मालवायला बटण दाबावं, की टक्. दोन्ही डोळे उघडे. केल्व्हिन झाले, शिसं झालं, चांदण्या झाल्या, पण त्या बटणाकडे कुणाचंही लक्ष गेलं नव्हतं, कारण बटणात करण्यासारखं काही नसतं. सध्या आम्ही दिवा रात्रभर चालूच ठेवतो.

तेव्हा ज्यांच्या घरी दिवस भरत आलेत त्यांना एवढंच सांगते: दिवा कसलाही घ्या, रंगवा, कापा, त्यावर हवा तो अग्रलेख चिकटवा, बटण मात्र आवाज न करणारं बघून घ्या. मिळतं. जरा महाग पडतं.